भौगोलिक माहिती प्रणाली (व्यवसाय)

भौगोलिक माहिती प्रणाली, संक्षेपाने जीआयएस, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील वस्तू, सीमा व घटना यांची माहिती त्यांच्या स्थानासह संगणकात साठवण्याची, तपासण्याची व नकाशारूपाने मांडण्याची व्यवस्था होय. या व्यवस्थेवर आधारलेला व्यवसाय भारतात गेल्या चार दशकांत आकाराला आला. भूमापन, पाटबंधारे, शेती, नगररचना, वीजवितरण, आपत्ती व्यवस्थापन अशा अनेक क्षेत्रांत तो पसरला आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला या व्यवसायात प्रवेश करण्याचे मार्ग, प्रारंभीच्या कामाचे स्वरूप आणि त्यासाठी लागणारे ज्ञान यांचा परिचय करून दिला आहे. विवेचनासाठी घेतलेली उदाहरणे मुख्यतः नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील सायखेडा व त्याच्या परिसरातील आहेत.

संकल्पना

पूर्वी नकाशाकार एकाच प्रदेशाचे निरनिराळे नकाशे पारदर्शक कागदावर काढून ते एकमेकांवर ठेवीत. एका कागदावर नद्या, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर गावांच्या सीमा असत. जीआयएसमधील स्तर ही कल्पना याच पद्धतीचे संगणकीय रूप आहे. फरक इतका की येथे प्रत्येक रेषेमागे एक तक्ता जोडलेला असतो. नकाशावरील शेतावर बोट ठेवताच त्याचा गट क्रमांक, क्षेत्र, पीक, पाण्याचे साधन असे तपशील समोर येतात. उलट तक्त्यात ‘विहीर असलेली शेते’ असे विचारले, की नकाशावर तेवढीच शेते उजळतात.

विदा, म्हणजेच डेटा, दोन प्रकारांनी साठवला जातो. बिंदू, रेषा व बहुभुज यांच्या स्वरूपातील माहितीला सदिश विदा म्हणतात. विहीर हा बिंदू, नदी ही रेषा आणि शेत हा बहुभुज. उपग्रहचित्रासारखी लहान चौकोनांच्या जाळीत मांडलेली माहिती हा दुसरा प्रकार. त्यास रास्टर असे नाव रूढ आहे. कोणती गोष्ट कोणत्या प्रकारात बसवावी, हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. गोदावरी लहान प्रमाणाच्या नकाशात एक रेषा असते. सायखेड्याच्या पुलाजवळ मात्र ती दोन काठ असलेला बहुभुज होते, आणि पावसाळ्यात तो बहुभुजही एका आकाराचा राहत नाही.

इतिहास

स्थान आणि घटना यांचा संबंध नकाशावरून शोधण्याचे प्रसिद्ध उदाहरण १८५४ सालचे आहे. लंडनमध्ये पटकीची साथ पसरली असता डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे नकाशावर मांडून त्यांचा संबंध ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाशी जोडला. संगणकाधारित प्रणालीचा आरंभ १९६० च्या दशकात कॅनडात झाला. तेथील जमिनीच्या वापराची नोंद करण्यासाठी रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने अशी पहिली प्रणाली उभी राहिली. १९६९ मध्ये अमेरिकेत एस्री ही कंपनी स्थापन झाली. आर्कजीआयएस हे सॉफ्टवेअर तिचेच. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला क्यूजीआयएस हा मुक्तस्रोत प्रकल्प आज विनामूल्य उपलब्ध आहे. मर्यादित साधने असलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाची घटना कदाचित हीच म्हणावी लागेल.

भारतात नकाशांची परंपरा जुनी आहे. सर्वे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ मधील, तर विल्यम लॅम्बटन यांनी आरंभिलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण १८०२ मधील. उपग्रहांच्या बाबतीत १७ मार्च १९८८ रोजी प्रक्षेपित झालेला आयआरएस-१ए हा दूरसंवेदनासाठीचा भारताचा पहिला कार्यकारी उपग्रह होय.

नकाशांवरील सरकारी नियंत्रण दीर्घकाळ कडक होते. केंद्र शासनाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय व्यक्ती व संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय भूस्थानिक विदा गोळा करण्याची व वापरण्याची मोकळीक मिळाली. संवेदनशील ठिकाणांवरील निर्बंध अर्थातच कायम आहेत. त्यापाठोपाठ डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले.

महाराष्ट्रातील संस्था

राज्यातील प्रमुख शासकीय संस्था म्हणजे नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र. १९८८ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र राज्य शासनाच्या विविध विभागांसाठी नकाशे व प्रणाली तयार करते. जलयुक्त शिवार अभियानातील कामांची छायाचित्रे स्थानासह नोंदविण्याची व्यवस्था याच केंद्राने उभी केली. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत १९७६ पासून साधनसंपत्ती अभियांत्रिकी अभ्यास केंद्र कार्यरत असून ग्रॅम++ हे देशी जीआयएस सॉफ्टवेअर तेथे विकसित झाले. पुण्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाणलोट क्षेत्रांचे व विहिरींच्या पातळीचे नकाशे करते. भूमी अभिलेख विभागाचे मुख्यालयही पुण्यातच आहे. या विभागाविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे, कारण राज्यातील सर्वसामान्य कुटुंबाचा नकाशाशी येणारा संबंध बहुधा त्याच्याच दारात येतो.

याखेरीज महानगरपालिका मालमत्ता कराच्या सर्वेक्षणासाठी, वीज कंपन्या खांब व वाहिन्यांच्या नोंदींसाठी आणि विमा कंपन्या पीकनुकसानीच्या पडताळणीसाठी या तंत्राचा वापर करतात. ही कामे पुष्कळदा खासगी संस्थांकडे सोपविलेली असतात. नवख्या उमेदवाराला पहिली संधी मिळते ती बहुतेक वेळा अशाच संस्थेत.

शिक्षण

या व्यवसायाला एकच ठरावीक प्रवेशद्वार नाही. भूगोल, भूशास्त्र, स्थापत्य, कृषी, पर्यावरणशास्त्र आणि संगणकशास्त्र या सर्व शाखांतून विद्यार्थी येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात भूमाहितीशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पुण्यात २००४ मध्ये सुरू झालेली सिम्बायोसिस भूमाहितीशास्त्र संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत तंत्रज्ञान निष्णात पदवीची सोय आहे. देहरादूनची भारतीय दूरसंवेदन संस्था (स्थापना १९६६) २००७ पासून दूरशिक्षणाने अल्पमुदतीचे वर्ग चालवते. ते विनाशुल्क असल्यामुळे तालुक्याच्या गावी राहणाऱ्यालाही पाहता येतात.

पदवी न घेताही काही वाटा खुल्या आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील दोन वर्षांचा सर्वेक्षक अभ्यासक्रम किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका असणाऱ्यास भूमी अभिलेख विभागातील भूकरमापक पदासाठी अर्ज करता येतो. ड्रोन नियम २०२१ अन्वये दहावी उत्तीर्ण व १८ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळवू शकते.

खासगी वर्गांच्या जाहिरातींत अनेकदा सॉफ्टवेअरच्या नावांची लांबलचक यादी आणि नोकरीची हमी असते. त्यांची पारख एका साध्या प्रश्नाने करता येते: प्रक्षेपण आणि संदर्भपृष्ठ हे विषय किती तास शिकवले जातात? उत्तर टाळले गेले, तर तेथे बटणे दाबणेच शिकवले जात असावे.

प्रक्षेपणाचा प्रश्न

पृथ्वी गोलाकार व कागद सपाट, म्हणून एकीचे दुसऱ्यावर चित्रण करताना कोठेतरी ताण पडतोच. तो ताण कोणत्या सूत्राने वाटून घ्यायचा, हे प्रक्षेपण ठरविते. प्रत्यक्ष मोजणीच्या कामात सहसा यूटीएम पद्धत वापरतात. तीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे पाडलेले असतात. महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागला जातो: ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधील भाग ४३ व्या पट्ट्यात, तर त्याच्या पूर्वेचा भाग ४४ व्या पट्ट्यात. सुमारे ७४ अंशांवरील सायखेडा पहिल्यात येते, नागपूर दुसऱ्यात. सायखेड्याचा विदा ४४ व्या पट्ट्यातील समजून उघडला, तर गाव पूर्वेकडे सहाशेहून अधिक किलोमीटर दूर जाऊन बसते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. घातक असते ती लहान चूक. सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट संदर्भपृष्ठावर आहेत, तर उपग्रहाधारित यंत्रे डब्ल्यूजीएस-८४ वापरतात. रूपांतर न करता दोन्ही एकत्र ठेवले, की विहीर शेजाऱ्याच्या शेतात दिसते आणि संगणक कोणतीही तक्रार करत नाही.

प्रारंभीचे काम

नवीन कर्मचाऱ्याकडे प्रथम येते ते अंकीकरणाचे काम. छापील किंवा चित्रित नकाशावरील रेषा माउसने गिरवून संगणकात आणणे, त्यांना क्रमांक देणे आणि दोन बहुभुजांमध्ये फट किंवा आच्छादन राहिले नाही ना ते पाहणे, असे त्याचे स्वरूप असते. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचा मोबदला कमी असतो आणि ते पुष्कळदा कंत्राटी असते. अनेक पदवीधर वर्षभरात ते सोडून देतात. मात्र रेषा कशी चुकते हे ज्याने हजार वेळा पाहिले आहे, त्यालाच पुढे दुसऱ्याच्या नकाशावर विश्वास ठेवावा की नाही हे कळते. या टप्प्यावर तपासणीचे नियम लिहून ठेवण्याची सवय लागली, तर विश्लेषकाच्या पदाकडे जाणे सुलभ होते.

विश्लेषकाला स्थानिक प्रश्न विचारता यावे लागतात: अमुक रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत किती विहिरी आहेत, कोणती वस्ती कोणत्या उंचीखाली येते. त्यापुढील टप्पा विकसकाचा. त्यासाठी पायथॉन ही संगणकभाषा, एसक्यूएल ही प्रश्नभाषा आणि पोस्टजीआयएससारखी विदाभांडारे हाताळता येणे आवश्यक असते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला ही बाजू अवघड वाटते, तर संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रक्षेपण व प्रत्यक्ष जमीन अवघड वाटते. ज्याने उणी बाजू आधी भरून काढली, त्याला काम लवकर मिळते असा सर्वसाधारण अनुभव आहे.

उदाहरण: सायखेड्याची पूररेषा

सायखेडा व चांदोरी ही गोदावरीकाठची समोरासमोरची गावे. नाशिकच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण, याच पट्ट्यात गोदावरीला मिळणारी दारणा आणि खाली गोदावरी-कादवा संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला नांदूर मधमेश्वरचा बंधारा, अशी येथील जलरचना आहे. त्याच बंधाऱ्याच्या जलाशयाला पुढे राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. वरून येणारे पाणी आणि खाली तुंबणारे पाणी या दोहोंच्या मध्ये ही गावे सापडतात. ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मधील पुरांत दोन्ही गावांत पाणी शिरले होते.

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखवितात. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र बांधकामास निषिद्ध, तर दोन रेषांमधील क्षेत्र निर्बंधित मानले जाते. घर बांधण्याची परवानगी, जागेची किंमत आणि पुनर्वसनाचा हक्क या सर्वांवर या रेषांचा परिणाम होतो. म्हणून ती रेषा कोणत्या उंचीमापनावर आधारलेली आहे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

विद्यार्थ्याला सरावासाठी हा परिसर उत्तम आहे, आणि फसवाही. पहिली अडचण उपग्रहचित्रांची. सेंटिनेल-२ या उपग्रहांची १० मीटर सूक्ष्मतेची चित्रे विनामूल्य मिळतात, पण पूर येतो त्या दिवशी आकाश ढगांनी भरलेले असते आणि चित्रात पांढऱ्या ढगांपलीकडे काही दिसत नाही. अशा वेळी सेंटिनेल-१ चे रडारचित्र घ्यावे लागते. रडारलहरी ढगांतून पार जातात. शांत पाण्यावरून त्या दुसऱ्या दिशेला परावर्तित होत असल्यामुळे पाणी काळे दिसते. तथापि गावातील घरांच्या दाटीत, तसेच उभ्या उसात शिरलेले पाणी या चित्रात नीट ओळखू येत नाही.

दुसरी अडचण उंचीची. २००० सालच्या अंतराळयान मोहिमेतून तयार झालेले उंचीचे विदासंच सर्वांना उपलब्ध आहेत. त्यातील एक चौकोन सुमारे ३० मीटरचा असून उंचीत काही मीटरांची चूक असू शकते. गोदेकाठच्या सपाट काळ्या जमिनीत काही मीटर उंची म्हणजे संपूर्ण वस्ती बुडणे किंवा कोरडी राहणे. अशा विद्यावरून काढलेली पूररेषा शिकाऊ प्रकल्पात शोभते. तिच्या आधारे कोणाचे घर आत वा बाहेर ठरविता येत नाही. त्यासाठी नदीपात्राचे प्रत्यक्ष आडवे छेद मोजावे लागतात, विसर्गाच्या नोंदी घ्याव्या लागतात आणि शक्य तेथे गावातील जुन्या भिंतींवरील पाण्याच्या खुणांशी ताळा करावा लागतो. गावातील वयस्कर माणूस ‘पाणी या पायरीपर्यंत आले होते’ असे सांगतो, तेव्हा तो एक निर्देशक देत असतो. त्याची उंची मोजून घेणे हे जीआयएसचेच काम आहे.

पिकांची ओळख

निफाड तालुका द्राक्ष व कांदा यांसाठी प्रसिद्ध आहे. उपग्रहचित्रातून हिरवेपणाचा निर्देशांक काढून पिके ओळखण्याची पद्धत सर्वत्र वापरली जाते. येथे मात्र ती सरळ लागू केल्यास घोटाळा होतो. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिल व ऑक्टोबरच्या सुमारास, होते. छाटणीनंतरच्या चित्रात बहरणारी बाग उघड्या जमिनीसारखी दिसते आणि संगणक तिची नोंद पडीक म्हणून करतो. कांद्यातही लाल कांदा व उन्हाळ कांदा यांच्या लागवडीच्या वेळा निराळ्या आहेत. हे ज्याला ठाऊक आहे तो एकाच तारखेच्या चित्रावर विसंबत नाही, संपूर्ण वर्षातील चित्रांची मालिका मांडतो. शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याजवळ हे ज्ञान आधीच असते. मुलाखतीत ते सांगण्यासारखे आहे हे मात्र त्याला क्वचितच माहीत असते. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः आपल्या पिकाचे छायाचित्र स्थानासह नोंदवू लागले आहेत.

भूमी अभिलेख व गटनकाशे

मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची घडी एकोणिसाव्या शतकात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या काळात, १८३५ नंतर, बसली. मोजणी ३३ फुटांच्या साखळीने होई. अशा एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार अनेक गावांत सर्व्हे क्रमांकांची जागा गट क्रमांकांनी घेतली. टिपण, फाळणी, गुणाकार बुक, आकारफोड हे शब्द आजही मोजणी कार्यालयात रोजच्या वापरात आहेत.

हे कागदी नकाशे संगणकात आणून उपग्रहचित्रावर बसविले, की बांध जुळत नाहीत. याची कारणे अनेक: कागद आकसलेला असतो, जुन्या मोजणीत निर्देशक नसतात, आणि प्रत्यक्ष वहिवाट नकाशापासून सरकलेली असते. नवख्या तंत्रज्ञाला नकाशा ताणून जुळवून टाकण्याचा मोह होतो. तसे केल्यास क्षेत्र बदलते आणि सातबाऱ्यावरील आकड्याशी विसंगती निर्माण होते. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात त्या समाजात अशी सोयीची जुळवणी कोणाच्या तरी अर्ध्या गुंठ्यावर बेतते. योग्य पद्धत अशी की स्थिर खुणा, म्हणजे गावशीव, जुने दगड, विहिरी, यांचे निर्देशक अचूक यंत्राने घ्यावेत, त्यांच्या आधारे नकाशा बसवावा आणि उरलेली तफावत लपविण्याऐवजी लिहून ठेवावी.

गावठाणातील घरांना मात्र सातबारा नसतो. त्यांच्या हद्दी ड्रोनने मोजून मालमत्ता पत्रक देण्याची स्वामित्व योजना केंद्र शासनाने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केली. तत्पूर्वी महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे अशा मोजणीचा प्रायोगिक प्रकल्प झाला होता.

भाषा व लिपी

या क्षेत्रात भाषेच्या अभ्यासकालाही काम आहे, याची फारशी चर्चा होत नाही. एकाच गावाचे नाव रोमन लिपीत निरनिराळ्या वर्णरचनांनी लिहिले जाते. सायखेड्याच्या बाबतीत मधला ‘य’ कोणी एका अक्षराने दर्शवितो, कोणी दुसऱ्याने. दोन तक्ते नावावरून जोडू गेल्यास अशी गावे गळून पडतात. म्हणून जनगणनेचा किंवा स्थानिक शासन निर्देशिकेचा संकेतांक वापरणे श्रेयस्कर. अनेक कार्यालयांतील जुना मराठी विदा युनिकोडपूर्व टंकांत आहे व तो नव्या प्रणालीत निरर्थक चिन्हांसारखा उमटतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे कित्येक अभिलेख मोडी लिपीत आहेत. जुन्या सीमा, पाणंद रस्ते किंवा इनाम जमिनी यांचा शोध घ्यायचा असेल, तर मोडी वाचणारा आणि नकाशा जाणणारा माणूस एकच असणे फार सोयीचे ठरते.

कामाचा संग्रह

खासगी संस्था निवड करताना प्रमाणपत्रापेक्षा उमेदवाराने केलेले नकाशे पाहणे अधिक पसंत करतात. त्यामुळे शिक्षण चालू असतानाच दोन-तीन लहान प्रकल्प पूर्ण करावेत. आपल्या गावातील विहिरींची यादी, शाळेपासून वस्त्यांचे अंतर, पुरात बंद होणारे रस्ते व त्यांना पर्यायी वाटा, असे विषय पुरेसे आहेत. मूळ नकाशे सर्वे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर, उपग्रहचित्रे व विषयवार स्तर इस्रोच्या भुवन या २००९ पासूनच्या संकेतस्थळावर, तर रस्त्यांचा विदा २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवी प्रकल्पात मिळतो. शेवटच्या प्रकल्पात स्वतः भर घालता येते. ग्रामीण महाराष्ट्रातील पाणंद, ओढे व वाड्यावस्त्यांची नावे त्यात अद्याप विरळ आहेत. प्रत्येक नकाशासोबत विद्याचा स्रोत, तारीख, प्रक्षेपण आणि ज्ञात त्रुटी यांची एक पानाची नोंद जोडावी. मुलाखत घेणारा जाणकार असेल तर तो प्रथम तेच पान वाचतो.